एकसष्ट दिवसांचा साक्षीदार

मित्रांनो, मला हातात घ्याल तर आधी माझा कापलेला कोपरा दिसेल. सरकारी कात्रीने तो एकदा कापला की आमचा प्रवास संपतो. मी एक जुना, रद्द झालेला पासपोर्ट आहे. त्सोलो गावातल्या एका घरात, कपाटाच्या खालच्या खणात, चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकाखाली मी पडून असतो. मला कोणी उघडत नाही. का उघडत नाही, तेच आज सांगतो.

माझा जन्म प्रिटोरियातला. कागद, धागा, गोंद, वर हिरवे कव्हर आणि त्यावर सोनेरी ठसा. माझ्यात छापलेला चेहरा वुयिसिले मजोला नावाच्या क्रेनचालकाचा. त्याने मला घरी आणले तेव्हा त्याची आई मातोलो हिने हात एप्रनला पुसले आणि माझ्यातल्या फोटोवरून बोट फिरवले. वुयिसिले तिचे शेंडेफळ. आमच्याकडे थोरले भाऊ आपापली घरे बांधून वेगळे होतात आणि आईबापांची चूल शेंडेफळाकडे राहते. जाणारा माणूस शेवटचा शब्दही त्याच्यासाठीच राखून ठेवतो. कुणाला क्षमा करायची, कुणाच्या शेजारी निजवायचे, काय सांभाळायचे, हे सगळे त्या शब्दात असते. तो ऐकल्याशिवाय चूल हाती घेतली तर ती परक्याची राहते, असे म्हणतात.

मग सुरू झाली माझी कामाची वर्षे. वुयिसिले काँगोतल्या कोल्वेझीला, तांब्याच्या खाणीवर गेला. शर्टाच्या डाव्या खिशात तो मला ठेवी, त्यामुळे त्याच्या काळजाचा ठोका मला सतत ऐकू येई. लुबुम्बाशीच्या विमानतळावर जाताना एक शिक्का, येताना एक. प्रत्येक शिक्क्याने मी जरा जाड होई आणि मनातून फुलून जाई. मला वाटे, हा माझा मान आहे.

मित्रांनो, परदेशात कमावणाऱ्याच्या डोक्यावर दोन देश बसलेले असतात. राबतो एका देशात आणि घर दुसऱ्या देशात. ज्या देशात घर, तो देश म्हणतो, तू कुठेही कमाव, तू आमचाच, तेव्हा कर भर. मात्र बारा महिन्यांत एकशे त्र्याऐंशीहून जास्त दिवस बाहेर राबलास आणि त्यात एकदा सलग साठाहून जास्त दिवस देशाबाहेर राहिलास, तर ठरावीक रकमेपर्यंतच्या पगारावर सूट. जायचा आणि यायचा दिवस धरायचा नाही. म्हणजे पूर्ण एकसष्ट दिवस हवेत.

हा नियम वुयिसिलेने कुठल्या कचेरीत ऐकला नव्हता. तो त्याने ऐकला मकालिमाकडून. मकालिमा खाणीवरचा जुना मुकादम आणि रविवारचा प्रवचनकार. काय गळा होता त्या माणसाचा! कामगारांच्या पत्र्याच्या खोलीत तो उभा राही, एक ओळ बोले, दुसरी गाई, आणि चाळीस थकलेले पुरुष तिसरी ओळ उचलून धरत. पत्रा थरथरे. खिशातल्या खिशात माझी पानेसुद्धा डोलत. देव त्या खोलीत येऊन बसतो, असे मला खरेच वाटे आणि आजही वाटते.

मकालिमाने हा नियमही प्रवचनासारखाच शिकवला. प्रभूने वाळवंटात चाळीस दिवस काढले, आपल्याला एकसष्ट. मध्ये मोडला तो उपास गेला, वर्ष गेलं. मकालिमाच्या मेहुण्याचे तसे झाले होते, मिळालेली सूट गेली आणि घरही विकावे लागले. हे तो इतक्या कळवळ्याने गाऊन सांगे की कोणी पुढे विचारलेच नाही. गाणारा माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला अर्धेच माहीत होते.

त्या साली जुलैत आम्ही काँगोत उतरलो. वुयिसिलेने पलंगाशेजारच्या पत्र्यावर खिळ्याने रेघा ओढायला सुरुवात केली. एक्कावन्नावी रेघ ओढली त्या दिवशी त्याच्या बायकोचा, थोझामाचा, फोन आला. मातोलो दोन दिवस पेजेशिवाय काही घेत नव्हती. सकाळी थेक्वाने नावाचा पक्षी छपरावर बसून ओरडला होता, आणि तो ज्या घरावर ओरडतो तिथे काय होते, हे थोझामाने बोलायची गरज नव्हती.

"बेले," ती म्हणाली. बेले हे त्याच्या कुळाचे नाव, मानाने घ्यायचे. "आई तुझी वाट बघतेय. तिला काहीतरी सांगायचंय."

"फोन दे तिच्या कानाला."

"दिला होता. म्हणाली, शेवटचा शब्द तारेवरून सांगायचा नसतो. म्हणाली, त्या मुलाला विचार, तुझी क्रेन मला वर उचलून घेणारेय का?"

वुयिसिले हसला. लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्षभराच्या पगारावर कर बसला तर फी थकून कॉलेजातून तिचे नाव काढले जाणार, एवढेच त्याला दिसत होते. दहा दिवसांचा तर प्रश्न, तो म्हणाला. आई चिवट आहे.

त्या रात्री त्याने मला बाहेर काढले, तारीख पाहिली, परत ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चोपन्नाव्या दिवशी तो मकालिमाकडे गेला. मकालिमाने त्याच्यासाठी प्रार्थना गायली, डोळे पुसले आणि म्हणाला, "धीर धर, लेकरा. देव तिला थांबवून ठेवील." पंचावन्नाव्या दिवशी मातोलोने पाणी घेणेसुद्धा सोडले. छप्पन्नाव्या दिवशी चर्चच्या बायका लाल जाकिटे घालून तिच्या उशाशी गायला बसल्या. फोनमधून ते गाणे येत होते आणि त्याखालून खोल विहिरीतल्यासारखा एक श्वास येत होता. सत्तावन्नाव्या दिवशी थोझामाने फोन उचलला नाही. मी कागदाचा. मला हात असते तर मीच उठून विमानतळावर गेलो असतो.

अठ्ठावन्नाव्या दिवशी मातोलो गेली.

तरी तो थांबला, मित्रांनो. आता काय राहिलं, म्हणाला, निदान उपास तरी पुरा होऊ दे. एकसष्टावी रेघ ओढून बासष्टाव्या दिवशी आम्ही निघालो. लुबुम्बाशीच्या शिपायाने शिक्का मारला तो ठळक, सरळ, एकही अक्षर न पुसलेला. तेवढा देखणा शिक्का माझ्यावर पुन्हा कधी पडला नाही.

शनिवारी दफन झाले आणि त्यानंतर रीतीप्रमाणे गावाला मांसाचे जेवण होते. फाटकापाशी थोरला काका काठी टेकून बसला होता. त्याने मान वर न करता म्हटले, "आलास का? बरोबर आलास. मांस आत्ताच शिजलंय."

मातोलोने काय सांगायचे ठेवले होते, ते कोणालाच माहीत नव्हते. थोझामाने तीनदा विचारले होते. म्हातारी दाराकडे बघत राही आणि ओठ मिटून घेई.

त्यानंतर तो कोल्वेझीला परतला आणि एकशे चाळीस दिवस घरी आलाच नाही. यायचे कोणाकडे? चुलीपुढे बसायची त्याला भीती वाटे.

वर्ष संपल्यावर करखात्याच्या खिडकीपाशी माझी तपासणी झाली. चष्मा लावलेल्या बाईंनी एकेक पान उलटले. इतके स्वच्छ शिक्के क्वचित पाहायला मिळतात, असे त्या म्हणाल्या. माझी तेवढी स्तुती आयुष्यात कोणी केली नव्हती. मग त्यांनी पेन्सिलीने शेवटच्या दोन शिक्क्यांवर खूण केली.

"हे एकशे चाळीस सलग आहेत. झालं तुमचं काम. जुलैचे एकसष्ट बघायचीसुद्धा गरज नाही."

वुयिसिलेने खिडकीची कड धरली. "ते मधेच मोडले असते तरी?"

"तरी काय? साठाच्या वर एकदाच लागतात, बारा महिन्यांत कुठेही. तुम्ही तेव्हा दहा दिवस आधी आला असता तरी एकूण दिवस भरतच होते."

"मला कुणी सांगितलं नाही, बाई."

"तुम्ही विचारलंत कुणाला?"

तो वळून चालू लागला. मला खिशात ठेवायलाही तो विसरला. बाईंनी हाक मारून मला परत दिले.

कोल्वेझीला परतल्यावर पुढच्या रविवारी पत्र्याच्या खोलीत मकालिमाने वाळवंटातल्या चाळीस दिवसांची ओळ सुरू केली. चाळीस जण उचलणार तोच वुयिसिले उभा राहिला. खिडकीवर ऐकलेले त्याने जसेच्या तसे सांगितले, आवाज न चढवता. शेवटी म्हणाला, "ज्याची आई आजारी आहे त्यानं आज रात्रीच निघावं. दिवस नंतर भरता येतात."

मागच्या बाकावरून दोघे उठले आणि आपापल्या पिशव्या भरायला गेले. मकालिमा पुढची ओळ गायला तोंड उघडून तसाच उभा होता. मग तो वुयिसिलेजवळ आला, त्याच्या पायाशी खाली बसला. वुयिसिलेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी तिथे गाणे झाले नाही.

दोन वर्षांनी माझी मुदत संपली आणि माझा कोपरा कापला गेला. नवा पासपोर्ट आता त्याच्या खिशात असतो. घरी आला की वुयिसिले खण उघडतो, गाण्यांचे पुस्तक घेतो आणि माझ्याकडे न बघता खण लावून टाकतो. माझा राग नाही त्याच्यावर. मी खोटे एक अक्षर बोललो नाही. माझ्यातले सत्यच त्याला बघवत नाही.

मित्रांनो, कमवायला दूर देशी जाल तेव्हा आमच्यासारख्यांना कोरड्या जागी ठेवा, जुने झालो तरी फेकू नका, दिवसांची साक्ष आम्हीच देतो. नियम काय आहे ते, ज्याचा नियम आहे त्यालाच विचारा. गाऊन सांगणाऱ्याचे प्रेम घ्या, त्याचा हिशोब मात्र तपासून घ्या. आणि घरून बोलावणे आले, तर माझी पाने चाळत बसू नका. मला खिशात घाला आणि निघा.