पाच वाजताचं कॉम्बॅट

प्राणेशरावांनी उभ्या आयुष्यात कुणाशी भांडण केलं नव्हतं. तंजावुरातल्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज कधी चढल्याचं एकाही विद्यार्थ्याला आठवत नव्हतं. भांडायची वेळ आलीच, तर त्यांची बायको अलमेलु पुढे व्हायची. दूधवाला, परीट, देवळातला प्रसादवाला, सगळे तिला वचकून होते.

अशा माणसाकडे १९५७ साली ल्यू नावाचे चिनी दंतवैद्य इंग्रजी शिकायला यायला लागले. दक्षिण वीधी नावाच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. तमिळ त्यांना दातांपुरतं येई: तोंड उघडा, थुंका, दुखतंय का. त्यापुढचं सगळं इंग्रजीत बोलायचं त्यांनी ठरवलं होतं. रोज सकाळी ते प्राणेशरावांच्या तिण्णैवर, दारापुढच्या कट्ट्यावर, वही घेऊन ताठ बसत.

एके दिवशी त्यांनी आपला चिनी शब्दकोश उघडून एका अक्षरावर बोट ठेवलं. त्या एका अक्षरापुढे इंग्रजी शब्दांची रांग होती: फाइट, क्वारल, आर्ग्यू, बॅटल, कॉम्बॅट.

"सार, यांतला सभ्य शब्द कोणता?"

प्राणेशराव विचारात पडले. फाइट पोरं करतात, क्वारल नळावर चालतं. "कॉम्बॅट," ते म्हणाले. "वर्तमानपत्रात येतो. भारदस्त आहे."

ल्यूंनी तो शब्द वहीत उतरवला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि ते निघून गेले. हा शब्द त्यांना कशाला हवा होता, हे विचारायचं प्राणेशरावांना सुचलंच नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी अलमेलु भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत घरी आली. "तुमच्या चिनी डॉक्टरच्या दारात ही गर्दी जमलीय. शेजारच्या कॉफी क्लब हॉटेलचा मालक गुरुमूर्ती दोन आचाऱ्यांना घेऊन उभा आहे. तुमचा शिष्य म्हणे त्याला लढाईला बोलावतोय."

प्राणेशरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते जवळजवळ पळतच निघाले. पिशवी तशीच हातात घेऊन अलमेलु मागोमाग.

दवाखान्यापुढे निम्मी वीधी लोटली होती. इडलीचं पीठ वाटून वाटून ज्यांचे दंड घडले होते असे दोघे आचारी बाह्या सरसावून उभे होते. मध्ये गुरुमूर्ती, हातात कागद. आणि समोर ल्यू? त्यांनी पायरीवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, मधल्या स्टुलावर चहाची किटली आणि दोन पेले.

"तुम्हीच वाचा, सार," गुरुमूर्तीनं कागद पुढे केला.

आदरणीय महोदय, असं पत्र होतं. आपल्या क्लबचे सांडपाणी माझ्या पायरीवर येते. या विषयावर उद्या सायंकाळी पाच वाजता माझ्या दारी आपल्याशी कॉम्बॅट करण्याची इच्छा आहे. कृपया वेळेवर यावे.

प्राणेशरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "त्यांना बसून बोलायचं होतं. शब्द मी दिला."

गर्दी खो खो हसली. आचाऱ्यांनी बाह्या खाली केल्या. गुरुमूर्तीही हसला. "मग झालं तर," म्हणत तो वळला.

"आणि पाणी?" प्राणेशरावांनी विचारलं.

"पाण्याचं काय, उताराला जातं. त्या चिन्याला सांगा, दात उपट आणि गप्प बस."

प्राणेशरावांनी पायरीकडे पाहिलं. खरकट्याचं पांढुरकं पाणी खुर्चीच्या पायाशी साचलं होतं. ल्यूंना शब्द कळले नव्हते, पण सूर कळला असावा. त्यांनी हातात घेतलेला चहाचा पेला हळूच खाली ठेवला. आणि प्राणेशरावांच्या छातीत काहीतरी उसळलं.

"ए, इकडे ये!" हा आपलाच आवाज आहे हे त्यांना क्षणभर खरं वाटेना. "मुकाट्यानं सहन करतोय म्हणून माणसाच्या दारात घाण सोडतोस? तुझ्या गल्ल्यापुढे सोडलं असतं तर चाललं असतं का? नळी टाक म्हणतोय मी. प्लीज. आत्ताच्या आत्ता कबूल कर, नाहीतर रोज इथे उभा राहून तुझ्या गिऱ्हाइकांना हे पाणी दाखवीन!"

ते बोलतच राहिले. तमिळ संपलं की घरचं मराठी, मराठी संपलं की इंग्रजी. ल्यूंनी घाईघाईनं वही काढली.

"सार, हा कोणता शब्द?"

"क्वारल," प्राणेशराव धापा टाकत म्हणाले. "नीट लिहून घ्या."

गुरुमूर्तीनं डोकं खाजवलं. "सार, आधी बसा," तो पुटपुटला आणि स्वतःच किटलीतून चहा ओतून पेला त्यांच्या हातात दिला. "शुक्रवारपर्यंत नळी टाकतो."

दुसऱ्या खुर्चीवर तोही टेकला. चहात ना दूध ना साखर. पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं, पण पेला त्यानं संपवला.

घरी जाताना अलमेलु पिशवी सावरत थांबली. मग म्हणाली, "सुरुवात झकास होती. मध्येच प्लीज कशाला म्हणालात?"

"सवय," प्राणेशराव म्हणाले. त्यांना कडकडून भूक लागली होती.