ओमेश्वरीच्या डाव्या डोळ्याचं वर्ष

मी कॅलेंडर बोलतोय, दोन हजार बारा सालचं. वर्ष सरलं की आम्हाला कोणी विचारत नाही. तरी एका घराचं अख्खं वर्ष माझ्या अंगावरून गेलं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोंदियाच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. बियाण्याच्या दुकानदाराने मला धनलालभाऊंच्या हाती दिलं आणि सालेकशाजवळच्या त्यांच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, मी खिळ्याला लटकलो. माणसं माझ्याकडे दिवसातून दहादा बघतात, पण तारखेपलीकडे त्यांना काही नको असतं. धनलालभाऊंची मुलगी ओमेश्वरी मात्र वेगळी. वीस वर्षांची, बी.ए.ला शिकणारी. सकाळी चष्मा काढून माझ्यासमोर उभी राहायची, उजवा डोळा हाताने झाकायची आणि माझे मोठाले आकडे वाचू पाहायची. एकही लागत नसे. उजवा डोळा चांगला, डाव्याचा नंबर उणे नऊ. चष्म्याची डावी काच इतकी जाड, की तिच्यामागे डोळा चिंचोक्याएवढा दिसे.

फेब्रुवारीत आमगावकडचे पाहुणे आले. मुलगा शिक्षक. पोरगी पसंत पडली. निघताना मुलाची आई दारात सुखवंताबाईंना, म्हणजे ओमेश्वरीच्या आईला म्हणाली, "बाकी सारं बेस आहे, पण तो चष्मा... आता मशिनीनं नंबर काढतेत म्हणे. लग्नाआधी करून टाका."

धनलालभाऊंनी लग्नासाठी मे महिन्यातल्या एका तारखेभोवती पेनाने गोल काढला.

मार्चात मायलेकी नागपूरच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. चुलीवरचा भात निवून गेला, तरी कोणी जेवायला बसेना.

"का म्हणे डॉक्टर?" धनलालभाऊंनी विचारलं.

"चष्मा जाईल म्हणे," ओमेश्वरी म्हणाली. "पण दिसन तेवढंच. हा डोळा लहानपणीच निजला, आता उठत नाही. बुबुळावरचा पडदाबी पातळ आहे. बिघडलं तर आहे तेवढंबी जाईल."

"करून टाक," सुखवंताबाई म्हणाल्या.

ओमेश्वरी आईकडे वळली. "माय, डॉक्टरनं विचारलं, लहानपणी चांगल्या डोळ्याले पट्टी नव्हती का बांधली. तू खाली काऊन पाहून राहिली होती?"

तेव्हा ती गोष्ट बाहेर आली. एकोणीसशे नव्व्याण्णव साली शाळेत डोळे तपासणारे आले होते. चांगला डोळा रोज बांधून ठेवा, म्हणजे कमजोर डोळा कामाला लागेल, असं सांगून गेले. पट्टी बांधली की सात वर्षांची ओमेश्वरी दारांवर आपटायची, रडायची. गल्लीतली पोरं 'कानी, कानी', म्हणजे एका डोळ्याची, म्हणून मागे लागायची. आठव्या दिवशी सुखवंताबाईंनी ती पट्टी चुलीत टाकली.

"माह्याच हातानं झालं ते," त्या म्हणाल्या. "आता नीट होऊ दे."

"नीट नाही होत, माय. निस्तं लोकाइले नीट दिसते."

पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ओमेश्वरी एकदा हो म्हणे, एकदा नाही. आई रात्रीची जेवेना, तेव्हा ती हो म्हणाली. एप्रिलच्या एका चौकोनात धनलालभाऊंनी 'नागपूर' लिहिलं. त्या दिवशी पिशवी भरून झाली, ओमेश्वरीने चप्पल घातली, अंगणापर्यंत गेली आणि परत आली.

"मी नाही जात."

"काऊन?" आईचा आवाज चिरकला.

"चष्मा लावला तर या डोळ्यानं मले माणूस ओळखू येते. तेवढं मले पायजे. पाहुण्याइसाठी मी ते नाही घालवत."

"मंग माहं पाप कसं फिटन?"

ओमेश्वरी चप्पल काढून आत गेली.

चार दिवसांनी आमगावहून नकार आला. धनलालभाऊंनी तो गोल इतक्या जोराने खोडला की माझा कागद फाटला.

त्या दिवसापासून सुखवंताबाईंनी लेकीच्या तोंडाकडे बघणं सोडलं. राग नव्हता तो. ताट वाढायच्या, डोक्याला तेल लावून द्यायच्या, पण नजर जमिनीवर. ओमेश्वरी आधी भांडली, मग रडली, मग तिने विचारणंच सोडलं. भाताची रोवणी झाली, धान कापून घरात आलं. दिवाळीतही त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

जानेवारीत माझ्या खिळ्यावर नवं कॅलेंडर आलं. मला तांदळाच्या पिंपाखाली उपडं अंथरलं आहे. ओल चढते आहे, आता मी फार दिवसांचा नाही.

परवा मायलेकी इथंच तांदूळ पाखडत बसल्या होत्या.  ओमेश्वरी हळूच म्हणाली, "माय, एकवार माह्याकडं पाह्य."

सूप थांबलं.

पुढचं मला दिसलं नाही, माझं तोंड मातीकडे आहे. तुम्ही कधी सालेकशाकडे गेलात, तर त्या घरी पाणी मागायला थांबा. सुखवंताबाई मान वर करतात का, तेवढं बघून या. आणि मला सांगायचं असेल तर लवकर या.