सुकटीचा वास

आमच्या हेदवीत सीझनला पाय ठेवायला जागा नसते. यंदा टाळेबंदीत देऊळ बंद, समुद्रावर जायला बंदी आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या आमच्या खोल्यांना कुलूप. खड्ड्यात गेला धंदा! माझी श्रद्धा पाचव्या महिन्यात माहेरी आली होती, आणि आधीची दोन पोटातच गेलेली. हे तिसरं मला जगवायचं होतं. माझ्या फाटकाच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही, एवढंच मला कळत होतं.

कोणालाच सोडलं नाही मी. दूधवाल्याने किटली कुंपणाच्या गडग्यावर ठेवायची. शेजारच्या कमळाने गप्पा मारायच्या त्या रस्त्यावरून. जावई गुरुप्रसाद मुंबईहून आला, निम्मी वाट चालत, पायाला फोड घेऊन. त्यालाही फाटकातूनच सांगितलं, "शाळेत जा तुम्ही. सगळ्या चाकरमान्यांना तिथेच ठेवलंय."

"आई, तिला लांबून तरी बघू दे."

"फोनवर बघा!"

श्रद्धा खिडकीत उभी राहून रडली. माझ्याशी बोलणं टाकलं तिने. आमचे हे म्हणाले, "अगो, एवढी कठोर नको होऊस." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. वाईटपणा घ्यायला मी आहे ना!"

पोरीला वासाचा भारी त्रास. साधी फोडणी दिली तरी तोंडावर हात धरून मोरीकडे धावायची. होड्या बंद, ताजी मासळी नाही, घरात होती ती सुकट. आणि यांना तिच्याशिवाय घास उतरत नाही. म्हणून मी ती परसातल्या चुलीवर भाजायची, मागचं दार लावून. तरी आतून ओकारीचा आवाज यायचाच. "आई गो, मारतेस की काय मला!" एवढंच काय ते अबोल्यातही ओरडायची.

त्या सकाळी अंग जरा कसकसत होतं. ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं. तव्यावर सुकट टाकली आणि जावयाला शाळेत डबा काय पाठवावा या विचारात बसले. एवढ्यात हे विहिरीवरून ओरडत आले.

"अगो, झोपलीस की काय? सगळी जळली! पार विहिरीपर्यंत वास आला!"

तव्यात कोळसा झाला होता. धूर माझ्याच तोंडावर येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वास मात्र नव्हता. मी तवा नाकाशी नेला. काही नाही. रॉकेलची बाटली उघडून हुंगली. काही नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताई सांगून गेल्या होत्या, या रोगात आधी वास जातो म्हणून.

"काय झालं गो?"

"लांब राहा माझ्यापासून," मी म्हटलं. फाटक बंद, मग हा रोग आत आला कुठून? की रेशनच्या रांगेत उभी राहिले तेव्हा मीच घेऊन आले? काल संध्याकाळी मीच रुसलेल्या पोरीची समजूत काढत तिचे केस विंचरले, तिला मऊभात भरवला.

मग लक्षात आलं, आज आतून ओकारीचा आवाज आला नव्हता. मागचं दार सताड उघडं होतं आणि धूर घरभर झाला होता.

तोंडावर पदर घट्ट धरला, जळकी सुकट ताटलीत घेतली आणि माजघराच्या दारातून तिच्यापुढे सरकवली. हे मागून म्हणाले, "वेड लागलंय का तुला?" लागलंच होतं. ओक गो बाये, ओक. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण ओक. मनात दुसरं काही नव्हतं.

श्रद्धाने ताटली उचलली, नाकाशी नेली. परत एकदा नेली. आणि तिचा चेहरा फुलला.

"आई, सुटले गो मी! बघ, काहीच होत नाही! कमळाकाकू म्हणतच होत्या, पाचव्यात थांबतं म्हणून!"

रुसवा विसरून ती हसत हसत मला मिठी मारायला आली. मागे हो म्हणून मी ओरडणारच होते. पण आता कोणी कोणापासून लांब राहायचं?