बेचाळिसावा वक्र

मार्गशीर्षाचे ऊन गच्चीवर उतरत होते. केशरपिवळे, कोवळे, पायरीपायरीने. साताऱ्याच्या डोंगरांवर धुक्याचा शुभ्र शेला होता, आणि कठड्याशी निवृत्त प्राध्यापक श्रीनिवास गर्गे कपडे वाळत घालायच्या दोरीकडे टक लावून बसले होते.

ते रचत असलेल्या गणिताच्या परिभाषाकोशातल्या एक्केचाळीस वक्रांचे बारसे त्यांनी उरकले होते. फेकलेल्या चेंडूचे ते अन्वस्त. ग्रहांच्या दीर्घप्रदक्षिणेचे ते विवृत्त. शंखाच्या अंतरंगात वळत वळत हरवणारे ते सर्पिल. उरला होता बेचाळिसावा: दोन टोकांना बांधलेली दोरी स्वतःच्याच भाराने झुकते, तो. आज सकाळी अकराला कोशाची पाने न्यायला छापखान्याचा माणूस यायचा होता. नाव नसेल तर वक्र वगळला जाणार. आणि जगातल्या समस्त दोऱ्या मराठीत अनामिक लोंबकळणार.

स्वभारनतरज्जुवक्र? उच्चारताना त्यांनाच धाप लागली. सरळ अन्वस्तच म्हणावे? दिसतो तसाच, पण नव्हे. तसाच, पण नव्हे. तीन महिने हे ‘पण नव्हे’ त्यांच्या निद्रेत झुलत होते.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी कुमुदताई बादली घेऊन आल्या. दोरीवर पहिली साडी पडली, जांभळी. दुसरी, मोरपंखी. मग सोलापुरी चादर, जलभारनम्र, गंभीर. वक्र पालटला.

“अगं थांब! बाहेरचा भार आला की तो वक्रच राहत नाही तो!”

“मग आत जाऊन दुसरा बघा. ऊन काय थांबणारेय माझ्यासाठी?”

चादरीच्या भाराने दोरीचा भिंतीतला खिळा उपटला. गर्ग्यांनी झेप घेऊन टोक पकडले. ओढले. आणखी ओढले. दोरी काही सरळ होईना.

“अहो, झोळ काढा तो! पदर फरशीला लागतोय!”

खाली दाराची घंटा वाजली; छापखान्याचा माणूस आला होता. कुमुदताईंनी कठड्यावरचा कोशाचा कागद उचलला. “काय लिहू इथे?”

गर्गे भांबावले. हातातला वक्र, शास्त्रानुसार, तो नव्हताच. तळहातांना मात्र एवढेच कळत होते की काहीतरी खाली ओढते आहे. शांत, सलग, अनिवार.

“तू आत्ता म्हणालीस ते. झोळ.”

“आणि ह्यासाठी तीन महिने!” म्हणत त्या जिना उतरल्या.

ते तसेच उभे राहिले, टोक छातीशी धरून. जांभळी साडी वाऱ्याने फुगली, मोरपंखी ओसरली. आणि त्यांच्या मुठीपासून पलीकडच्या खांबापर्यंत, ओथंबलेला, थेंब थेंब गळणारा, हलके हलके झुलत राहिला झोळ.