मीराबाईच्या खाचा

गोपाळरावांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा नऊ वर्षांपूर्वी 'रिकामी'वर जाऊन बसला, तो उठलाच नाही. त्यांचं काही अडलंही नाही. टाकी डिक्कीत, तोंड वर; रोज सकाळी मीराबाई खाचा पाडलेली बांबूची काडी आत सोडायची, ओल कुठवर आली ते पाहायची आणि अंगणातून पुकारायची, "तीन खाचा!" खालच्या खाचेलाही ओल लागली नाही की म्हणायची, "गाडी उपाशी हाय जी. पयले तिले पाजा, मग गावाले जा." गोपाळराव नरखेडकडच्या बागांना फवारणीची औषधं विकायचे, गावोगावच्या शेतकऱ्यांशी घासाघीस करायचे, पण या हुकमावर त्यांनी कधी घासाघीस केली नाही. मुकाट्याने आधी पंपावर जायचे.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या श्रावणात मीराबाई गेली. तेराव्याला पाहुण्यांनी गोपाळरावांच्या धीराची तारीफ केली. धीर कसला! माणूस खुर्चीत ठेवल्यासारखा बसला होता, इतकंच. पुढच्या महिन्यात गाडी दोनदा रस्त्यात थांबली, टाकी कोरडी. काडी डिक्कीतच होती. पण गोपाळराव सकाळी स्टीअरिंगसमोर बसायचे, अंगणातून आवाज येण्याची वाट पाहायचे, आणि नाही आला की निघायचे.

दुसऱ्यांदा गाडी ओढून आणायला मीराबाईचे थोरले भाऊ नानाजी वखारीचा ट्रक घेऊन आले.

"जवाईबापू, एक डाव ठीक, दोन डाव ठीक. तिसऱ्या डावाले किल्ली माह्याजवळ. तुमी वखारीत गादीवर बसा."

काळजी खरी होती. फक्त नानाजींच्या काळजीला नेहमी एखादी वस्तू चिकटलेली असे. गोपाळरावांनी मान हलवली. वखारीत बसायला त्यांची ना नव्हती, घरात बसायलाही नव्हती. पण गाडी गेली तर सकाळी वाट पाहायला कुठे बसायचं? त्यांनी काटा दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं.

लकडगंजात एका आरा मशीनशेजारी, निंबाखाली, रुपरावजी गाड्यांची वायरिंग करत. त्यांनी टाकी उघडली. पेट्रोलवर तरंगून काटा हलवणारा आतला पितळी गोळा भोक पडून तळाशी गेला होता. तसला मिळेना, म्हणून बाजारातून दुसऱ्याच गाडीचा तरता गोळा आणून जुन्या काट्याला जोडला. डबाभर पेट्रोल ओतलं तर काटा खाली आला. काढून घेतलं तर वर चढला.

"घ्या! उपाशी ठेवलं की ढेकर देते हे," रुपरावजी म्हणाले. झाकण खोलून त्यांनी वायर आतल्या गुंडाळीच्या या टोकावरून त्या टोकाला लावली. काटा सुतासारखा सरळ आला. "आता रिकामी कुठून म्हनाचं ते सांगा. गोळ्याची दांडी वाकवून काटा तिथं बसवतो."

गोपाळरावांनी काडी काढून दिली.

टाकी पूर्ण निथळून रुपरावजी मापाने ओतू लागले. एक लिटर. दोन. तीन. काडी सोडली, खालची खाच कोरडी. चौथ्याला कुठे ओल टेकली. ते हसायलाच लागले.

"गोपाळभाऊ, वहिनीनं तुमाले नऊ वर्सं बनवलं ना गा! पोटात साडेतीन लिटर अन् म्हने गाडी उपाशी!"

"खाचा तिनंच पाडल्या," गोपाळराव म्हणाले. हसू किंवा रडू, दोहोंपैकी काहीतरी यायला हवं होतं. पेट्रोलचा वास तेवढा येत होता.

"मंग? वहिनीच्या खाचेवरच लावू काय काटा?"

"लावा."

रुपरावजींनी पक्कड उचलली आणि खाली ठेवली. "पन फायदा काय? तिची लबाडी चालली, काहून का तुमाले ठाऊक नव्हती. आता काटा रिकामीवर आला तरी तुमच्या मनात साडेतीन लिटर हायेतच. त्याच्या भरवशावर तुमी फाट्यापर्यंत जासान, अन् तिथं नानाजी येतीन ट्रक घेऊन."

आऱ्यावर एक ओंडका चिरून झाला. दुसरा लागला.

"मी चहा घेऊन येतो," गोपाळराव उठत म्हणाले. "तुमी लावून ठेवा. खाचेवर लावा, वर लावा, खाली लावा. पोटात किती ठेवलं ते मले सांगू नका."

"अन् काडी?"

"तुमच्याजवळच राहू द्या. घरी असली तर मी मोजीन."

चहाला साखर होती की नव्हती, ते त्यांना आठवलं नाही. परत आले तेव्हा डिक्की बंद होती आणि रुपरावजी दुसऱ्याच गाडीखाली शिरले होते. नुसते पाय दिसत होते. पायांनीही काही सांगितलं नाही.

सहा दिवसांनी सकाळी गोपाळराव स्टीअरिंगसमोर बसले. वाट पाहिली. अंगणातून आवाज आला नाही. किल्ली फिरवली, काटा हलला, आणि रिकामीवरच टेकला. पोटात किती, ते एक देव जाणे आणि एक रुपरावजी.

नरखेडचा रस्ता डावीकडे होता. ते उजवीकडे वळले.

"किती टाकू?" पंपावरच्या माणसाने विचारलं.

"उपाशी हाय," गोपाळराव म्हणाले.