सुधारलेले ठाकर

जात पडताळणीच्या सुनावणीला आगिवले गुरुजी कडक इस्त्रीच्या शर्टात गेले. शर्टाचं काही नाही हो, माती खाल्ली ती तोंड उघडल्यावर. लेक सुनंदा डॉक्टरकीला लागली होती, आदिवासींच्या राखीव जागेवर. शुक्रवारपर्यंत दाखला दिला नाही, तर जागा गेली. आणि दाखल्यासाठी पटवून द्यायचं होतं, की आपण खरेच ठाकर.

“घरी कोणती बोली?” समितीच्या मॅडमनी विचारलं.

“शुद्ध मराठी!” गुरुजी छाती काढून म्हणाले. “ठाकरी शब्द तोंडातून आला, की पोरांना उठाबशा.”

“लग्न कोण लावतं?”

“भटजी. वाडीत भटजी आणणारा पहिला मीच.”

“धवळेरीण नाही? धवळे गाऊन लग्न लावणारी?”

“ते अडाण्यांचं, मॅडम. आम्ही सुधारलो.”

या एका वाक्यावर तीस वर्षं साहेबलोक त्यांची पाठ थोपटत आले होते. मॅडमनी पाठ थोपटली नाही, वाक्य लिहून घेतलं. शेजारी उभ्या सुनंदानं बापाची बाही ओढली, तेव्हा कुठं गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. मग काय, गडी सुटलाच! माझी आईच धवळेरीण होती, आमचे देव असे, आमची हळद अशी, सगळं ठाकरीत.

“मघाशी यातलं काहीच नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “आता पाठ करून आल्यासारखं बोलताय. मुलीला बोलू द्या. म्हण गं एक धवळा.”

सुनंदाला कुठला येणार? मॅडमनी फाईल मिटली.

“उद्या अकराला ये. उद्या शेवटचं.”

एसटी स्टँडच्या बाकावर बापलेक बसली. गुरुजींना पोरीकडे बघायची लाज वाटत होती. आई जाऊन चार वर्षं झालेली, आता विचारायचं तरी कुणाला? शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि आईचा धवळा धरला. आवाज कापरा, पण चाल बरोबर. सुनंदानं दोन ओळी वहीत उतरवल्या.

“पुढं?”

“एवढंच येतं.”

“असं कसं बाबा? आजी दिवस दिवस गायची म्हणे.”

“गायची ना. माझ्या लग्नात इथवर आली, अन् मी म्हटलं, आये, गप बस, भटजी हसतायत.”