देवाच्या बाजूचा गुरुवार

सासूबाईंनी चहाचा कप सुनेसमोर आदळला. बशीत सांडलेल्या चहाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"ह्यांचा देव परत आणून दे," त्या म्हणाल्या.

"अहो आई, मी कुठे नेलाय?"

"तूच नेलास. तुझ्या वर्गात बसायला लागले आणि गेला. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि आता नको म्हणतायत. डॉक्टरांना होकार देताना म्हणाले होते, त्याच्या भरवशावर करून टाकू. काल मलाच विचारतात, भरवसा कुणाचा?"

सुनेने बशीतला चहा परत कपात ओतला. आरोपात तथ्य होतं. ती कॉलेजात धर्माचं तत्त्वज्ञान शिकवायची, आणि गुरुवारी संध्याकाळी निवृत्त मंडळींसाठी त्याच विषयाचा सोपा वर्ग घ्यायची. सासरे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे पहिल्या बाकावर बसून ते देवाचं प्रकरण बारकाईने ऐकत. सुनेचा स्वतःचा देवावर विश्वास नव्हता. तसं तिने लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, आणि सासऱ्यांनी "त्याची काही हरकत नसावी" म्हणून विषय मिटवला होता.

तिची शिकवण्याची पद्धत अशी की, एका गुरुवारी आक्षेप मांडायचा, अगदी जीव ओतून, आणि त्याचं उत्तर द्यायचं पुढच्या गुरुवारी. मधले दिवस आक्षेप डोक्यात मुरू द्यायचा. देव चांगलाही आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर मग जगात दुःख का, हा आक्षेप तिने असा काही रंगवला की मागच्या बाकावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. देवाच्या बाजूचं उत्तर पुढच्या गुरुवारी होतं. पुढच्या गुरुवारी सभागृहाला रंग द्यायला घेतला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो वाळला नव्हता. दोन आठवडे देव आरोपीच्या पिंजऱ्यात वकिलाशिवाय उभा होता.

तिचा नवरा दौऱ्यावर होता. घरात असलं काही उद्भवलं की तो दौऱ्यावरच असे.

"आणते," सून म्हणाली आणि पदर खोचला.

सासरे अजून अंथरुणातच होते. दाढीचे खुंट वाढले होते.

"बाबा, दुःखाच्या आक्षेपाला उत्तर आहे."

"बोल."

"माणसाला स्वातंत्र्य द्यायचं तर वाईट वागण्याचंही द्यावं लागतं."

"आणि वीज पडते ती कुणाच्या स्वातंत्र्याने?"

"दुःखातून माणूस घडतो, असंही म्हणतात."

"काही घडतात. काही मोडतात. मोडलेल्यांचे कागद माझ्या टेबलावर यायचे." ते कुशीवर वळले. "सूनबाई, आयुष्यभर मी 'दैवी आपत्ती' असा शेरा मारून माणसं परत पाठवली. पण ज्या देवाच्या नावावर ती आपत्ती टाकली, त्या इसमाला एकदाही बोलावून विचारलं नाही."

दाराबाहेर सासूबाई उभ्या होत्या.

"आला?"

"वाटेत आहे," सून म्हणाली.

दुपारी तिने विश्वाचं आदिकारण आणलं. त्यांनी आदिकारणाचं कारण विचारलं. शनिवारी सकाळी तिने सृष्टीतली सुसूत्रता दाखवली, तर त्यांनी तिला स्वतःचा हृदयाचा रिपोर्ट दाखवला. संध्याकाळी तिने शेवटचं शस्त्र बाहेर काढलं: पैज. देव असेल तर मानण्यात फायदाच फायदा. नसेल तर तोटा काय?

"असल्या पॉलिसी विकणारे आमच्याकडेही होते," सासरे म्हणाले. "कंपनीच नसेल तर हप्ता कुठे जातो, ते आधी बघावं लागतं."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तूच. तिसऱ्या गुरुवारी."

सून खोलीबाहेर आली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. शिकवलेलं विद्यार्थ्याला इतकं पक्कं समजल्याचा हा तिच्या नोकरीतला पहिलाच प्रसंग, आणि तो घरात घडावा!

रविवारी उजाडायच्या आधीच ती उठली. खिडकीजवळ सासऱ्यांची खुर्ची होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ते रोज पहाटे तिथे डोळे मिटून बसत, आणि तेवढा वेळ सासूबाई भांड्याला भांडं लागू देत नसत. दोन आठवड्यांत खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत साचली होती. सुनेने ती उचलून जमिनीवर ठेवली आणि स्वतः खुर्चीत बसली. युक्तिवाद संपले होते. हटून बसणं तेवढं उरलं होतं.

बऱ्याच वेळाने मागे सपाता वाजल्या.

"काय चाललंय?"

"बसलेय."

"माझी खुर्ची आहे ती."

"रिकामी होती."

"तुझा विश्वास नाही."

"तुमचाही नाही. मग कोणीही बसेल."

सपाता खुर्चीच्या अगदी मागे येऊन थांबल्या.

"पाठ ताठ ठेव," सासरे म्हणाले. "पाय जमिनीला टेकव. आणि कपाळाला आठ्या कशाला? भांडायला बसलीयस का?"

"हो."

"भांडायचं तरी असं नाही. ऊठ, ऊठ. मला विचारायचंय त्याला."

सून डोळे उघडून वळली. त्यांनी एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"काय विचारायचंय?"

"ते आमच्या दोघांतलं आहे."

"पण बाबा, तो नसलाच तर?"

"नसला तर मध्ये बोलणार नाही. इतकी वर्षं तरी कुठे बोललाय!"

ती उठली. ते सावकाश बसले, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि डोळे मिटले. कपाळाला चांगल्या ठसठशीत आठ्या पडल्या.

स्वयंपाकघरात सासूबाई हातात गाळणं धरून उभ्या होत्या. त्यांनी भुवया उंचावल्या.

"माहीत नाही, आई," सून हळूच म्हणाली. "पण बोलावणं गेलंय."

त्या दिवशी सासरे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बसले. ऊन खिडकीतून आत आलं, त्यांच्या पायांवरून सरकून वर्तमानपत्रांवर गेलं. कपांतला चहा गार झाला. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"उद्या हॉस्पिटलला किती वाजता निघायचंय?"

"सहाला," सून म्हणाली.

"मला पाचला उठव. अजून अर्धंच विचारून झालंय."

डोळा पुन्हा मिटला. सासूबाईंनी दोन्ही कप पातेल्यात ओतले आणि पातेलं गॅसवर ठेवलं, आवाज न करता.